काकू जेवली का, ते विचार

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. काकांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला, लिम्फोमा निघाला, आणि म्यूनिकहून तुझं पहिलं वाक्य काय, तर "ताई, मी नोकरी सोडून येते." थांब जरा. ते पुढच्या महिन्यात ठरव. आईच्या दुखण्यात ती मिरजेला होती, मी बंगळूरला. तेव्हा मी बरंच चुकले, म्हणून हक्कानं सांगते.

माझी सगळ्यात मोठी चूक फोनची. दिवसातून तीनदा लावायचे. काय खाल्लंस, किती खाल्लंस, वजन किती भरलं? आईचं तोंड आलेलं, वरणभातसुद्धा झोंबायचा, आणि मी तिच्याकडे घासांचा हिशेब मागत होते. मग ती "सगळं छान आहे गं" एवढंच म्हणायला लागली. ताप आला तोही लपवला. दोन दिवस तापाच्या गोळ्या घेऊन पडून राहिली. शेवटी वहिनीनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तोवर पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. आई वाचली. पण त्या दोन दिवसांत मी तिच्याशी सहा वेळा बोलले होते, आणि मला काही कळलं नव्हतं.

म्हणून हे आजच घरी सांग. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. ताप १००.४ ला पोचला, की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. दवाखान्याचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवायला सांग. आणि कुणी प्रेमानं गव्हांकुराचा रस किंवा कुठल्या वैद्याची पुडी आणून दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काकांच्या पोटात जाऊ देऊ नका.

लांबून खरं करता येण्यासारखं काम कागदांचं आहे. ते तू घे. प्रत्येक रिपोर्टचा फोटो मागव, तारखेनं लाव, प्रत्येक डोसाआधीच्या रक्ततपासणीचे आकडे एका तक्त्यात भर. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर बायोप्सीचा नुसता कागद पुरत नाही. काचपट्ट्या लागतात, आणि मेणात बसवलेला गाठीचा तुकडाही लागतो, त्याला ब्लॉक म्हणतात. आमचा ब्लॉक गावच्या लॅबमध्येच राहिला होता. दादा तो आणायला रात्रीच्या गाडीनं परत गेला, आणि आई दादरच्या धर्मशाळेत तीन दिवस बसून राहिली. महात्मा फुले योजनेत उपचार करायचे असतील, तर मंजुरी आधी घ्यावी लागते. रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायला सांग. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते, तो फॉर्मही डॉक्टरांकडून भरून घ्या. ही माहिती काढायला तू तिथून फोन करू शकतेस. वहिनीला तेवढी उसंत नाही.

वहिनीवरून आठवलं. इंटरनेटवर रात्रभर वाचलेलं तिला सकाळी ऐकवू नकोस. उलटीचं पातेलं ती धुते. डॉक्टरांसमोर ती आणि दादा बसतात. तुला शंका असेल तर लिहून पाठव, ते विचारतील. पण त्यांनी ठरवलेलं लांबून मोडायचं नाही. आणि "काही लागलं तर सांगा" असं तर म्हणूच नकोस. आपल्या घरात कुणी मागत नाही. पोळ्यांची बाई लाव, तिचा पगार तू दे. डोसाच्या दिवशी न्यायला-आणायला एक रिक्षावाला ठरवून टाक.

यायचं म्हणशील, तर काकांनी स्वतः "ये" म्हटलं तर उद्याच्या विमानानं ये. नाहीतर रजा जपून वापर. दर एकवीस दिवसांनी, असे सहा डोस सांगितलेत ना? पहिल्या डोसाला घर भरलेलं असेल. आत्या येईल, मामा येतील, शेजारचे डबे येतील. चौथ्या डोसापर्यंत सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि काका थकलेले असतात. तेव्हा तीन आठवडे ये. काही विशेष करू नकोस. त्यांच्याजवळ बस, क्रिकेट बघ, केस गेलेत म्हणून डोळे भरून आणू नकोस. आजाराचं नाव त्यांच्यापासून लपवायचं असं आत्या म्हणत होती, त्याला तू साफ नाही म्हण. आपल्याला काय झालंय ते माणसाला कळतंच, मग तो एकटाच घाबरत राहतो.

आता काकूबद्दल. सगळे फोन काकांसाठी येतात. ती उचलते, तेच तेच सांगते, ठेवते. बासष्ट वर्षांची बाई दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसते, घरी येऊन कुकर लावते. तिची रक्तदाबाची गोळी चुकते, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आईच्या वेळी बाबांचं असंच झालं, आणि मी एकदाही विचारलं नाही.

तुझे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिचे रात्रीचे नऊ. काका तेव्हा झोपलेले असतात. त्या वेळी फोन लाव आणि आधी ती जेवली का, ते विचार. मग तिला बोलू दे.