नणंदेच्या घरचा मिक्सर बंद पडला

प्रश्न : आठवडाभर नणंदेकडे राहायला आले आहे. ती ऑफिसला गेल्यावर इडलीची डाळ वाटायला घेतली आणि मिक्सर मधेच बंद पडला. आता काय करू?

उत्तर : आधी स्विच बंद करून प्लग काढा आणि भांडं उतरवा. मिक्सर उलटा करून तळ बघा. तिथे बहुधा लाल रंगाचं छोटं बटण असतं. डाळ घट्ट झाली किंवा भांडं गच्च भरलं, की मोटरवर ताण येऊन ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. मोटर जळू नये म्हणूनच ही सोय असते. पंधरा-वीस मिनिटं मिक्सर गार होऊ द्या, बटण आत दाबा, निम्मी डाळ काढून थोडं पाणी घाला आणि मग चालवा.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, असं असेल तर कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा भाग, झिजला असणार. तो स्वस्तात बदलून मिळतो. जळका वास किंवा धूर आला असेल, तर मात्र पुन्हा चालू करून पाहू नका.

काहीही असो, नणंदेला आत्ताच फोन करा. गुपचूप दुरुस्तीला अजिबात टाकू नका. वॉरंटी चालू असताना बाहेर खोलला, तर ती सहसा जाते. दुरुस्तीचा खर्च मी देते, हे आपणहून सांगा. नको म्हणाली तर फार ताणू नका. डाळ तेवढी फ्रिजमध्ये ठेवा, भिजलेली डाळ उन्हाळ्यात लवकर आंबते.