गर्दीचा लोंढा आणि लहान संकेतस्थळ

दिल्लीतील मयूर विहार ही वसाहत यमुनेच्या पूर्वेस, नदीच्या पूरमैदानाजवळ वसलेली आहे. या सखल भूमीस तेथील लोक ‘खादर’ म्हणतात. 2023 च्या जुलै महिन्यात यमुनेस महापूर आला. 13 जुलै रोजी दिल्लीच्या जुन्या लोहमार्ग पुलापाशी पाण्याची पातळी 208.66 मीटरांवर गेली आणि 1978 सालचा 207.49 मीटरांचा उच्चांक मागे पडला. खादरात शेती करून राहणारी अनेक कुटुंबे गुराढोरांसह मयूर विहार परिसरात रस्त्यांच्या कडेला उभारलेल्या तंबूंमध्ये आश्रयास आली.

अशा प्रसंगी पाण्याच्या लोंढ्याबरोबर आणखी एक लोंढा येतो. तो असतो माहितीसाठी धावणाऱ्या माणसांचा. कल्पना करा, की अशाच एका वसाहतीतील रहिवासी एक लहानसे संकेतस्थळ चालवीत आहेत. एरवी दिवसाकाठी दोनशे माणसे ते उघडून पाहतात. पुराच्या संध्याकाळी त्यावर तंबूंची ठिकाणे, पाण्याच्या टँकरची वेळ आणि डॉक्टरांचा पत्ता प्रसिद्ध होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून ही वार्ता पसरते आणि पाच मिनिटांत सहा हजार माणसे त्या एका पानावर येऊन थडकतात. या वेळी नेमके काय घडते?

संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते, त्यास सर्व्हर म्हणतात. समजा, हा सर्व्हर एका वेळी चार जणांची मागणी हाताळतो आणि प्रत्येक पान तयार करण्यास त्यास अर्धा सेकंद लागतो. म्हणजे एका सेकंदात आठ, आणि पाच मिनिटांत 2400 माणसांचे समाधान होईल. उरलेली 3600 माणसे रांगेत राहतील आणि ती रांग संपण्यास आणखी साडेसात मिनिटे लागतील.

परंतु इतका वेळ थांबतो कोण? पान उघडत नाही असे दिसताच मनुष्य पुन्हा बटण दाबतो. त्याची जुनी मागणी बहुधा रांगेतच असते, तिच्यामागे नवी येऊन उभी राहते. सर्व्हर जुन्या मागणीचे उत्तर तयार करतो, तोवर ते घेणारा निघून गेलेला असतो. यंत्र अखंड राबते, पण त्याचे काम कोणाच्याच हाती पडत नाही. संकेतस्थळ ‘कोसळले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हाच प्रकार घडलेला असतो.

रांगेचे हे शास्त्र संगणकाहून जुने आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 साली दूरध्वनीच्या मागण्यांवर आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या विचारातून पुढे स्पष्ट झालेली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: भार क्षमतेच्या जवळ जाऊ लागला, की प्रतीक्षेचा काळ हळूहळू न वाढता एकाएकी वाढतो. म्हणून काल सुरळीत चाललेले संकेतस्थळ आज अचानक ठप्प होते.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रत्येक भेटीमागचे काम कमी करणे. महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. 16 जुलै 2021 रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. विद्यार्थी होते सुमारे पावणेसोळा लाख. निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात आणि घरोघरी मुले पडद्याकडे पाहत बसली. आता असा विचार करा: निकाल एकदा जाहीर झाला, की त्यातील गुण क्षणोक्षणी बदलत नाहीत. एका विद्यार्थ्याचा निकाल दोन किलोबाइटांत मावतो असे धरले, तर सर्वांचे निकाल मिळून सुमारे तीन गिगाबाइट होतात. एवढी सामग्री साध्या मोबाइलमध्येही राहील. ही सारी पाने आदल्या रात्री तयार करून अनेक सर्व्हरांवर त्यांच्या प्रती ठेवता येतात. मग निकालाच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही, तयार कागद तेवढा हाती द्यायचा असतो.

तथापि, जेथे लोक माहिती वाचण्याऐवजी भरण्यासाठी येतात, तेथे तयार प्रती पुरेशा होत नाहीत. 28 एप्रिल 2021 रोजी कोविन संकेतस्थळावर अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरणाची नोंदणी खुली झाली. आरंभी अनेकांना ते उघडता आले नाही. तरी त्या दिवशी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. अशा कामी दारातच रांग लावणे हिताचे असते. आत झेपतील तेवढीच माणसे घ्यावीत आणि इतरांना ‘दहा मिनिटांनी या’ असे स्पष्ट सांगावे. मात्र प्रत्येकास थोडी निरनिराळी वेळ द्यावी, अन्यथा सर्वजण दहाव्या मिनिटास एकदमच परततील.

लहान संकेतस्थळ चालविणाऱ्यांनी पुढील तयारी शांततेच्या काळात करावी. पानावरील छायाचित्रे व सजावट वगळून केवळ मजकुराची एक हलकी प्रत सिद्ध ठेवावी. ती कोणी व कोणत्या क्षणी पुढे आणावयाची, हे ठरवून ठेवावे. शोध, अभिप्राय यांसारख्या सोयी प्रसंगी बंद करता आल्या पाहिजेत. कृत्रिम गर्दी निर्माण करून सर्व्हरची चाचणी घ्यावी. तोच मजकूर लघुसंदेशाने आणि फलकावर लिहून देण्याचीही व्यवस्था असावी.

या सर्व उपायांच्या मुळाशी एकच निर्णय आहे: गर्दीत काय सोडावयाचे आणि काय राखावयाचे? पुराची सूचना मिळताच खादरातील शेतकरी सारे घर हलवू शकत नाही. तो प्रथम मुलांना, मग गुरांना, मग धान्याला बाहेर काढतो. त्याचा हा क्रम आधीच ठरलेला असतो. तंबूत बसलेल्या स्त्रीस संकेतस्थळाचे सुंदर मुखपृष्ठ दिसले नाही तरी चालेल. टँकर किती वाजता येणार, ही एक ओळ मात्र तिला दिसलीच पाहिजे.