जुन्या जीपची सीट गरम करताना

कोकणात आणि गरम सीट? मेसमध्ये कुणी हा विषय काढला तर हशाच पिकेल. महाडच्या उन्हाळ्यात सीट गार कशी होईल याचीच चिंता असते! पण पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालं, की सुमारे ४० किलोमीटरच्या रस्त्यात आपण १३०० मीटरच्या आसपास वर चढतो. उंची एक किलोमीटर वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे खालच्या आणि वरच्या हवेत ८ अंशांचा फरक. हिवाळ्यात वेण्णा लेकच्या परिसरात तर कधीकधी दवबिंदू गोठतात. गाडी ताडपत्रीचं हूड असलेली जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप असेल, तर आतली गरम हवा फटींतून केव्हाच पसार होते. अशा गाडीत हवा तापवण्यापेक्षा बसणाऱ्याची पाठ तापवणं स्वस्त पडतं. ही कल्पना जुनीच आहे. कॅडिलॅकने १९६६ मध्ये गरम सीटचा पर्याय दिला, आणि साबने १९७२ पासून ड्रायव्हरची गरम सीट गाडीबरोबरच द्यायला सुरुवात केली.

सीट कव्हरच्या आत बसवायचे कार्बन फायबरचे पॅड बाजारात मिळतात. ते घडी न पडता फोमवर सपाट बसवायचे, एवढंच काम दिसतं. खरी परीक्षा वायरिंगची आहे.

विजेचा हिशेब

समजा, एका सीटचे पॅड १२ व्होल्टवर ४८ वॅट घेतात. रोध = १४४ ÷ ४८ = ३ ओहम. दोन सीट समांतर जोडल्या की १.५ ओहम. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं, म्हणून करंट ९.३ अँपिअर आणि शक्ती सुमारे १३० वॅट. अगदी जुन्या जीपमध्ये ६ व्होल्टची यंत्रणाही असू शकते. तिथे हेच पॅड एकचतुर्थांश उष्णता देतील. म्हणून आधी मल्टिमीटर लावा, मग खरेदी करा.

आता वायर. जायला ३ मीटर आणि यायला ३ मीटर धरा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.२ ओहम होतो आणि तिच्यात १३-१४ वॅट फुकट जळतात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर हाच आकडा साडेतीन वॅटच्या आत येतो. अर्थिंगसाठी बॉडीवर विसंबू नका. कोकणातल्या दमट हवेत जुन्या जीपचा पत्रा गंजलेला असतो. परतीची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेचं ३० नंबरचं टर्मिनल, ८७ वरून पॅड. ८६ ला इग्निशनमधून येणारी स्विचची वायर, ८५ अर्थला. मग किल्ली काढली की सीट आपोआप बंद. नाहीतर इंजिन बंद असताना ६० अँपिअर-अवरची चांगली बॅटरीसुद्धा चारेक तासांत निम्मी उतरेल, आणि घाटात पहाटे स्टार्टर फिरणार नाही.

आल्टरनेटरचंही बघा. हेडलाइट ११० वॅट, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे ३०, वायपर ४०. बेरीज १८० वॅट, म्हणजे जवळजवळ १३ अँपिअर. त्यात सीटचे ९ मिळवले की २२. जुना आल्टरनेटर आयडलवर समजा १५ अँपिअर देत असेल, तर उरलेले ७ बॅटरीतून जातात. धुक्यात गाडी थांबवून ठेवायची असेल तर सीट बंद करा.

फ्यूज आहे, मग काळजी कशाला?

इथेच बहुतेक जण फसतात. फ्यूज शॉर्ट सर्किटपासून वायर वाचवतो, सैल जोडापासून नाही. जोड गंजून त्याचा रोध ०.१ ओहम झाला, तर शेंगदाण्याएवढ्या जागेत ८ वॅट उष्णता साठते. उलट रोध वाढल्याने करंट थोडा कमीच होतो, त्यामुळे फ्यूज शांत बसून राहतो. शेजारी फोम आणि रेक्झिन! म्हणून पीळ मारून टेप गुंडाळायची पद्धत इथे चालणार नाही. लग क्रिंप करा, वर हीट-श्रिंक नळी चढवा, आणि जोड सीटखाली फरशीवर न ठेवता उंच बांधा.

उंच का? २०२१ च्या जुलैमध्ये महाड शहर पुरात बुडालं, ते सगळ्यांना आठवत असेल. पुराचं पाणी फरशीवर आलेल्या गाडीत स्विच टाकण्याआधी फ्यूज काढा, जोड उघडून वाळवा, हिरवट गंज दिसला तर जोड नवा करा.

शेवटची गोष्ट शरीराची. ४४-४५ अंशांचा स्पर्श सुरुवातीला सुखद वाटतो, पण तासन्‌तास राहिला तर त्वचा भाजते. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही. थर्मोस्टॅट नसलेला पॅड घेऊ नका.

बसवून झालं की अर्धा तास चालवून बघा. मल्टिमीटरने बॅटरीवरचं आणि पॅडवरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर कुठेतरी एखादा जोड तापतोय. तो सापडेपर्यंत कव्हर शिवायचं नाही.