दाखला पोचला, तरी मी पाहुणीच का?

प्रश्न : आम्ही नाशिकचे. यजमानांची बदली झाल्यामुळे सोलापूर भागात आलो आणि इथल्या चर्चमध्ये जाऊ लागलो. नाशिकच्या चर्चचा दाखला दिला, पाळकसाहेबांनी उपासनेत आमची नावे वाचून दाखवली, सगळ्यांनी हात मिळवले. महिला मंडळाच्या सभेलाही मी नेमाने जाते. कुणी वाईट वागत नाही, उलट फारच अदबीने वागतात. पण नाताळच्या फराळासाठी बायका जमल्या की मला खुर्ची देऊन बसवतात. सभेत प्रार्थना करायला सांगितले की माझी जीभ अडखळते. दोन्ही चर्च सीएनआयचीच, मग मी अजून परकी का? माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही, आणि बहुधा त्यांचेही नाही. चर्चने तुम्हाला स्वीकारले आहे, पण चर्चमधल्या बायकांनी अजून आपल्यात धरलेले नाही, हे तुमचे कोडे. ही दोन कामे वेगवेगळी आहेत आणि ती वेगवेगळ्या वाटांनी होतात.

आधी दाखल्याचे पाहू. दाखला पोचला की तुमचे नाव सभासदांच्या नोंदवहीत चढते. वार्षिक सभेत मत देता येते. घरातला बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी या वेळी चर्च तुमच्या पाठीशी उभे राहते. एवढे झाले की दाखल्याचे काम संपले. तुम्ही कोण, हे त्यातून पाळकसाहेबांना कळते. तुमच्या घरी आजारपण आले तर डबा कुणी न्यायचा, हे त्यात लिहिलेले नसते.

आता ‘दोन्ही चर्च सीएनआयचीच’ या म्हणण्याकडे वळू. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) ही संस्था 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला स्थापन झाली, तीही सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन. पाटी एक झाली, पण घराण्यांच्या सवयी एका दिवसात एक होत नाहीत. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते, म्हणजे अँग्लिकन वळण. तिथे छापील प्रार्थनापुस्तक हातात असते. पाळक एक ओळ म्हणतात, लोक पुढची म्हणतात. सोलापूर आणि अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे वळण. तिथे बायका सभेत आपल्या मनाने, आपल्या शब्दांत, आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करतात. तिथल्या मुली लहानपणापासून आईच्या शेजारी बसून हे ऐकत वाढतात. तुमची जीभ अडखळते ती श्रद्धा कमी म्हणून नव्हे. ही तालीम तुम्हाला कधी मिळालीच नाही. पण ऐकणाऱ्या बायकांना हे कारण ठाऊक नसेल, तर त्या तुम्हाला अबोल किंवा अलिप्त समजू शकतात. निम्मा दुरावा इथेच तयार होतो.

कॅथलिक वाचकांना हा दाखल्याचा प्रकार नवा वाटेल. वसईहून बोरिवलीला राहायला गेलेले कॅथलिक कुटुंब राहत्या पत्त्यानुसारच तिथल्या पॅरिशचे होते. पण पत्ता लागू झाला म्हणजे ओळख झाली असे नाही, हा अनुभव त्यांनाही चुकत नाही.

महिला मंडळाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. दुपारी वेळ घालवायला जमणारा, भिशीसारखा हा गट, असे बाहेरच्यांना वाटते. कधीकधी चर्चमधल्या पुरुषांनाही वाटते. खरे तर मंडळामागे दोन जुनी कारणे आहेत आणि तुमच्या कोड्याचे उत्तर त्यांतल्या दुसऱ्यात आहे.

पहिले कारण सोपे आहे. एकोणिसाव्या शतकात परक्या पुरुषाला घरातल्या बायकांशी बोलायची सोय नव्हती. त्यामुळे बायकांना शिकवायला बायकाच लागत. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार 1827 मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्यांच्यानंतर मराठी ‘बायबल वुमन’ तयार झाल्या. त्या वस्त्यांतून, घराघरांतून जात, वाचून दाखवत, वाचायला शिकवत. घरकाम आटोपल्यावर दुपारी बायकांची वेगळी सभा भरवायची, हा प्रघात त्या काळातला आहे. चर्चच्या कारभारात बायकांना फारशी जागा नव्हती तेव्हाही स्वतःची सभा, स्वतःची वर्गणी आणि स्वतःचा हिशेब एवढे त्यांच्या हाती राहिले.

दुसरे कारण जास्त खोल आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या अनेक बायकांचे माहेर त्या दिवशी तुटले. बाळंतपणाला आई येणार नाही, मयताला भाऊबंद येणार नाहीत, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही. ही कामे तर अडून राहत नाहीत. ती चर्चमधल्या बायकांनी वाटून घेतली. कुणी बाळंतिणीचे केले, कुणी रात्रभर आजाऱ्यापाशी बसले, कुणी लग्नाच्या करंज्या लाटल्या. दोनतीन पिढ्या असे चालले आणि त्यात आपापसांतल्या सोयरिकीही झाल्या. आज तुम्ही ज्या मंडळात जाता त्यातल्या कितीतरी जणी एकमेकींच्या नणंदा, मावश्या, विहिणी असतील.

याचा परिणाम असा की मंडळ संस्थेसारखे दिसते, पण चालते भावकीसारखे. संस्थेत अर्जाने प्रवेश मिळतो. भावकीत अर्ज चालत नाही, तिथे देणेघेणे चालते. कुणी कुणासाठी काय केले, हीच तिथली नोंदवही. तुमचे पान अजून कोरे आहे. तुम्ही कुणाचे काही केलेले नाही आणि तुमचे कुणी काही करावे अशी वेळही येऊ दिलेली नाही.

आता त्या खुर्चीचा अर्थ लागेल. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे आपल्याकडे पाहुणीला म्हणतात. घरच्या बाईला ‘जरा चकलीचे पीठ मळ गं’ म्हणतात. तुम्हाला टाळायचे म्हणून त्या खुर्ची देत नाहीत. मान द्यायचा म्हणून देतात, आणि नेमका तोच मान तुम्हाला बाहेर ठेवतो.

आणखी एक समजूत तपासून पाहावी. स्वीकारायचे काम जुन्यांनीच करायचे असते, असे आपण धरून चालतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की दुसरी बाजू दिसते. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी सोवळे आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी सोडला नव्हता. आजूबाजूचे ख्रिस्ती लोक त्यांना आपले म्हणायला तयार होते; त्यांचे पाणी प्यायला लक्ष्मीबाईच तयार नव्हत्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मधला, म्हणजे या निर्णयानंतरचा. आपलेपणाला दोन दारे असतात आणि त्यातले एक नव्या माणसाच्या बाजूने उघडते.

ते कशाने उघडते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मिळते. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात वाचवलेल्या मुली आणि बायका तिथल्या मुक्ती मिशनमध्ये एकत्र राहू लागल्या. जाती वेगळ्या, गावे वेगळी, बोली वेगळ्या. त्या शेती करत, विणकाम करत, आणि छापखानाही चालवत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्या बायकांनीच जुळवून छापले. शेजारी उभ्या राहून खिळे जुळवणाऱ्या दोघींना एकमेकींची गरज पडते. नुसत्या शेजारी बसून गाणी म्हणणाऱ्या दोघींना ती पडेलच असे नाही.

तर करायचे काय? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ‘काही मदत करू का?’ असे विचारू नका. त्याला ‘नको, बसा’ हेच उत्तर येणार. ‘कापणीच्या सणाच्या लिलावाचा हिशेब मी लिहिते’ असे नेमके काम मागा. ते काम लहान असावे आणि दरवर्षी येणारे असावे. दोन, प्रार्थनेची अडचण लपवू नका. आमच्याकडे पुस्तकातून म्हणतात, हे सरळ सांगा आणि तुमच्या पुस्तकातली एखादी प्रार्थना सभेत वाचा. त्यांनाही काही नवे मिळेल. तीन, आणि हे सर्वांत अवघड, स्वतःसाठी काही मागा. घरी कुणी आजारी असेल तर पाळकीणबाईंना कळवा, मुलाच्या परीक्षेसाठी घरी प्रार्थना ठेवा. फक्त देणारी बाई आदराची होते. घेणारीही झाली की ती आपली होते.

मंडळातल्या जुन्या बायकांसाठी एवढेच : पुढच्या नाताळला नव्या बाईला खुर्चीऐवजी पोळपाट-लाटणे द्या.

शेवटी एक फरक ध्यानात ठेवा. वर सांगितलेला दुरावा सवयीचा आहे आणि तो कामाने, काळाने जातो. पण आडनाव किंवा पूर्वीची जात विचारून कुणाला पंगतीत, सोयरिकीत किंवा मंडळाच्या पदांपासून दूर ठेवले जात असेल, तर त्यावर धीर धरणे हा उपाय नाही. ख्रिस्ती शिकवणीत त्याला आधार नाही. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात असले भेद मोडीतच काढले आहेत. तसे दिसले तर ते पाळकांपुढे आणि चर्चच्या समितीपुढे स्पष्ट मांडा. तुमचे नाव नोंदवहीत आहे, त्यामुळे तो तुमचा हक्क आहे. दाखल्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.