जुन्या संगणकाला कोणती रॅम?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप संगणक असतो. तो टाकवत नाही आणि वापरवतही नाही. अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, "रॅम वाढवा." सल्ला चांगला आहे. पण दुकानात गेल्यावर १३३३, १६००, १८६६ असे आकडे समोर येतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगली रॅम असे समजून आई-वडील जास्त पैसे देतात. हा आकडा काय सांगतो आणि जुन्या संगणकासाठी तो कसा निवडायचा, ते या लेखात पाहू.

उदाहरणासाठी २०११ च्या काळातला एक संगणक घेऊ : इंटेलचा कोअर आय३-२१२० प्रोसेसर आणि एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड. असे संगणक घरांत आणि कार्यालयांत अजूनही दिसतात. त्यात डीडीआर३ प्रकारची रॅम बसते.

आकड्याचा अर्थ

डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते. डीडीआर३-१६०० मधले घड्याळ ८०० मेगाहर्ट्झचे असते आणि माहिती सेकंदाला १६० कोटी वेळा जाते. म्हणून एखाद्या प्रोग्राममध्ये १६०० ऐवजी ८०० दिसले, तर दुकानदाराने फसवले असे समजू नका.

रॅमचा रस्ता ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असतो. १६०० ला ८ ने गुणले की १२,८०० येतात. लेबलवर 'पीसी३-१२८००' लिहिलेले असते ते हेच : सेकंदाला १२,८०० मेगाबाइट. त्याच हिशोबाने १३३३ ची रॅम 'पीसी३-१०६००' होते.

दुसरा आकडा सीएल. मागितलेली माहिती यायला सुरुवात होईपर्यंत घड्याळाचे किती ठोके थांबावे लागते, ते तो सांगतो. १३३३ ची रॅम बहुधा सीएल९ असते आणि १६०० ची सीएल११. ठोक्यांचे नॅनोसेकंद केले तर पहिलीला १३.५ आणि दुसरीला १३.७५ लागतात. म्हणजे मोठ्या आकड्याची रॅम एका वेळी जास्त माहिती वाहते, पण पहिले उत्तर लवकर देतेच असे नाही.

वेग ठरवतो कोण?

रूट मार्चला सेक्शन एकत्र पोहोचायचे असेल, तर सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलानेच चालावे लागते. रॅमचेही तसेच आहे. प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. त्या पट्टीला कोणते वेग झेपतात, हे तिच्यात लिहिलेले असते. संगणक सुरू होताना बायोस ही माहिती वाचतो, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची मर्यादा पाहतो आणि सर्वांना जमेल असा वेग ठरवतो.

आय३-२१२० ची मर्यादा १३३३ आहे. त्यात १६०० ची रॅम लावली तर ती व्यवस्थित चालेल, पण १३३३ नेच. जुनी १३३३ आणि नवी १६०० शेजारी लावली, तरी दोन्ही १३३३ ने चालतील. पुढच्या पिढीच्या आय३-३२२० ला मात्र १६०० चालते. म्हणून आधी प्रोसेसरचे नाव पाहा, मग रॅमचा आकडा. दोन्हींची किंमत सारखी असेल, तर १६०० घ्यायला हरकत नाही. १८६६ साठी जास्त पैसे मोजले, तर या संगणकात ते वाया जातील.

निवडीचा क्रम

१. प्रकार. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची आखूड पट्टीही डेस्कटॉपमध्ये बसत नाही.

२. क्षमता. रॅम भरली की संगणक उरलेले सामान हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. हार्ड डिस्कला माहिती शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, तर रॅमला १०० नॅनोसेकंदांहून कमी. हा फरक निदान लाखपट आहे. १३३३ आणि १६०० मधला फरक फक्त एक पंचमांश आहे. म्हणून २ जीबीची ८ जीबी करणे हे १३३३ ची १६०० करण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे. फक्त विंडोज ३२ बिटची आहे का ते पाहा, कारण घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही.

३. जोडी. एच६१ वर बहुधा दोन स्लॉट असतात आणि प्रत्येकाचा रस्ता स्वतंत्र असतो. ८ जीबीची एकच पट्टी लावली तर एकच रस्ता चालू राहतो. ४ जीबीच्या दोन लावल्या तर दोन्ही चालू होतात आणि वहनक्षमता दुप्पट होते. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्याला याचा चांगला फायदा होतो, कारण पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून येते.

४. वेग. वरच्या तीन गोष्टी जमल्यावर जी रक्कम उरेल, तिच्यात हा विचार करायचा.

आमच्या घरचा हिशोब

गेल्या सुट्टीत आमच्या घरी हाच प्रश्न होता. बाबांची बदली जवळ आली होती. सामान बांधताना जुना संगणक भंगारात द्यायचा की बरोबर न्यायचा, हे ठरत नव्हते. सातवीतल्या बहिणीचा अभ्यास त्यावरच चालतो. त्यात २ जीबीची एकच पट्टी होती. दुकानदार १८६६ ची ४ जीबीची पट्टी दाखवत होता. बाबांनी विचारले, "मोठा आकडा घेतला तर वेग वाढेल ना?" मी वरचा हिशोब कागदावर मांडला. शेवटी १३३३ च्याच, ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. संगणक सुरू व्हायला अजूनही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, कारण ते काम मुख्यतः हार्ड डिस्कचे आहे. ते सुधारायचे तर एसएसडी लावावी लागेल. पण आता बहिणीचा ऑनलाइन वर्ग, पुस्तकाची पीडीएफ आणि टायपिंग एकत्र उघडले तरी तो अडत नाही. ट्रकमध्ये त्याला जागा मिळाली.

बसवताना

संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचे बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि पट्टी फक्त कडांना धरा. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या आणि क्लिप 'टक' वाजेपर्यंत दाबा. संगणक नुसता बीप-बीप करत राहिला, तर घाबरू नका. पुन्हा बंद करा, पट्टी काढा, सोनेरी टोके स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि परत बसवा. चालू झाल्यावर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' एकदा चालवा. पट्टीत दोष असला, तर बदलून घेण्याची मुदत संपण्याआधी कळायला हवा.

खरेदीआधी एवढे करा. संगणक नेहमीच्या कामात असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' पाहा. किती रॅम भरली आहे ते तिथे दिसते, आणि विंडोज १० मध्ये रॅमचा वेग व भरलेले स्लॉटही दिसतात. रॅम अर्धी रिकामी असेल, तर अडचण दुसरीकडे आहे. रॅमवर पैसे खर्च करू नका. ती काठोकाठ भरली असेल, तर प्रोसेसरचे नाव, रॅमचा प्रकार, स्लॉटची संख्या आणि सध्याचा वेग या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानात जा.