कुट्टूची न शिजवता न्याहारी

खुरपणी-काढणीच्या दिवसांत घरची बाई पहाटे उठून सर्वांचे डबे भरते आणि स्वतः मात्र नुसत्या चहावर शेतात जाते. दुपारपर्यंत उपाशीपोटी वाकून काम केल्यास अंगात त्राण राहत नाही. चूल न पेटवता, घरातील कोणालाही करता येईल अशी एक न्याहारी येथे देत आहोत. दही-पोहे आपण असेच न शिजवता खातो. त्याच धर्तीवर कुट्टूचाही उपयोग करता येतो.

ओळख
उपवासाला चालणारा कुट्टू हे तृणधान्य नाही. आपली चुक्याची भाजी ज्या कुळातील, त्याच कुळातील हे पीक आहे. हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या डोंगराळ भागात ते घेतात. तेथे त्याला ओगल म्हणतात. फुलोऱ्यात कडक उष्णता सोसत नसल्याने आपल्या सपाट भागासाठी त्याची शिफारस नाही, दाणे विकतच घ्यावेत. त्यात सुमारे १३ टक्के प्रथिने असतात. गहू-ज्वारीत कमी असलेले लायसिन त्यात चांगल्या प्रमाणात असते.

खरेदी करताना
काळे, तिकोनी, सालासकट दाणे चावत नाहीत. सोललेले, फिकट हिरवट-पांढरे दाणे घ्यावेत. तांबूस पडलेले किंवा खवट वासाचे दाणे जुने समजावेत. भाजलेले तपकिरी दाणे या कृतीसाठी घेऊ नयेत. पीठ तर कच्चे कधीच खाऊ नये. ते लवकर खराब होते. २०११ च्या चैत्र नवरात्रात दिल्ली परिसरात कुट्टूचे पीठ खाऊन अनेकांना विषबाधा झाली होती.

साहित्य (चार माणसांसाठी)
सोललेला कुट्टू २०० ग्रॅम, ताजे दही ४०० ग्रॅम, पिकलेली केळी २, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट ५० ग्रॅम, किसलेला गूळ ४० ग्रॅम, पेरूच्या फोडी.

कृती
१) दाणे निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत.
२) उकळून थंड केलेल्या तिप्पट पाण्यात भिजत घालून झाकावेत. हिवाळ्यात रात्रभर भिजवले तरी चालते. उन्हाळ्यात दाणे आंबतात, म्हणून पहाटे तास-दीड तासच भिजवावेत.
३) पाण्याला बुळबुळीत चिकटपणा येतो. तो स्वाभाविक आहे. दाणे चाळणीत ओतून तो जाईपर्यंत उकळून थंड केलेल्या पाण्याने धुवावेत.
४) अर्धे दाणे केळ्यांसह पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावेत. वीज नसल्यास केळी कुस्करून सर्व दाणे तसेच घालावेत.
५) दही, कूट व गूळ मिसळून वर पेरूच्या फोडी घालाव्यात.

गोड नको असल्यास केळी, गूळ व पेरू वगळून काकडी, जिरेपूड, कोथिंबीर व मीठ घालावे, वर लिंबू पिळावे. या न्याहारीतून प्रत्येकी सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. पेरू किंवा लिंबातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा त्यात अडथळा आणतो, म्हणून तो तासाभराने घ्यावा.

काय काळजी घ्यावी?
न शिजवलेल्या अन्नात जंतू मरत नाहीत, म्हणून सारी भिस्त पाण्याच्या व भांड्यांच्या स्वच्छतेवर आहे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी न उकळता वापरू नये. तयार न्याहारी तासाभरात संपवावी, डब्यात भरून शेतावर नेऊ नये. काहींना कुट्टूची ॲलर्जी असते. पहिल्या वेळी दोन चमचेच खावे. अंगावर पित्त उठल्यास पुन्हा खाऊ नये, ओठ सुजल्यास किंवा धाप लागल्यास ताबडतोब दवाखान्यात जावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांना दाणे शिजवूनच द्यावेत.

कुट्टू महाग वाटल्यास हीच कृती जाड पोह्यांची करावी. पोहे उकळून थंड केलेल्या पाण्याने धुऊन निथळले की पुरे. दाणे भिजवणे, केळी कुस्करणे ही कामे घरातील पुरुष व मुलेही सहज करू शकतात. शेतात जाण्यापूर्वी घरच्या बाईच्या पोटात दोन घास पडले पाहिजेत, एवढे प्रत्येक घराने पाहावे.