क्लच खरंच गेलाय का?

आपल्या होस्टेलच्या शेडमधल्या बहुतेक बाइक्स सेकंडहँड आहेत. कुणाची काकांनी वापरून दिलेली स्प्लेंडर, कुणाची पासआउट सीनिअरकडून घेतलेली पल्सर. अशा गाडीचा पिकअप गेला की गॅरेजमध्ये हमखास दोन शब्द ऐकू येतात, "क्लच गेला." त्या दोन शब्दांची किंमत किती होते हे घरून आलेल्या पैशात महिना काढणाऱ्यांना सांगायला नको. मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असल्यामुळे शेडमध्ये काही बिघडलं की मला हाक येते, आणि असे 'गेलेले' बरेच क्लच मी नुसत्या १०-११च्या पान्याने परत आलेले पाहिलेत. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'घर्षण' हा शब्द मला 'फ्रिक्शन'नंतर भेटला. या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या मॅडमवर, नटबोल्टची माझ्यावर!)

आधी आत काय आहे ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक बाइक्सना मल्टीप्लेट वेट क्लच असतो, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला. एक घर्षणाची प्लेट, एक स्टील प्लेट, परत घर्षणाची, अशी चळत असते आणि स्प्रिंगा ती दाबून धरतात. घर्षणाच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, स्टीलच्या गिअरबॉक्सबरोबर. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि दोघी वेगळ्या होतात. २०२० मध्ये बीएस-सिक्स आल्यावर बहुतेक साध्या बाइक्समधूनही कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, पण ही रचना आजही तशीच आहे.

थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण एक सूत्र घोकलंय. क्लच जेवढा टॉर्क पेलतो तो = म्यू × स्प्रिंगांचा दाब × सरासरी त्रिज्या × घर्षणाचे पृष्ठभाग. चार प्लेटा असतील तर पृष्ठभाग आठ, कारण प्रत्येक प्लेट दोन्ही बाजूंनी घासते. आता बघा, त्रिज्या काही बदलत नाही आणि प्लेटांची संख्याही बदलत नाही. म्हणजे क्लच घसरत असेल तर संशयित दोनच उरतात, म्यू आणि दाब. म्यू मुख्यतः ऑइल आणि प्लेटांचा पृष्ठभाग बिघडवतात. दाब कमी करतात तीन गोष्टी: जास्त ताणलेली केबल, थकलेल्या स्प्रिंगा आणि झिजलेल्या प्लेटा. तपासायचं ते स्वस्तापासून महागाकडे, म्हणजे केबल, मग ऑइल, आणि सगळ्यात शेवटी इंजिनाचं उजवं कव्हर. गॅरेजमध्ये पुष्कळदा हा क्रम उलटा होतो.

पण त्याआधी रोग कोणता ते ठरवायला हवं, कारण क्लचचे दोन विकार अगदी विरुद्ध आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक आहे. पहिला स्लिप. मोकळ्या सरळ रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४०च्या आसपास असताना एकदम थ्रॉटल द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथल्या तिथेच राहिली, तर क्लच घसरतोय. दुसरा ड्रॅग. सिग्नलला फर्स्ट गिअरमध्ये लिव्हर पूर्ण दाबलेली असूनही गाडी पुढे सरकू बघते आणि उभ्या गाडीत न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. इथे प्लेटा नीट सुटतच नाहीत. सकाळी गार इंजिनात पहिला गिअर 'खट्' करून पडतो त्याला मात्र रोग समजू नका. ऑइल घट्ट झालेलं असतं, तेवढंच.

सेकंड इयरच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. आईला मागे बसवून दिवे घाट चढताना त्याने ट्रकला ओव्हरटेक करायला घेतलं, आणि ट्रकच्या अर्ध्यावर आल्यावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. समोरून एसटी. नशीब, त्याने थ्रॉटल सोडून गाडी परत ट्रकमागे घेतली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये त्याला पूर्ण क्लच सेटचा अंदाज मिळाला, तो महिन्याच्या मेस बिलापेक्षा जास्त. "दादा, घरी कसं सांगू?" म्हणत तो शेडमध्ये आला. मी लिव्हरला हात लावला तर प्ले शून्य! दोन आठवड्यांपूर्वी केबल बदलली होती आणि बसवणाऱ्याने ती सतारीच्या तारेसारखी ताणून ठेवली होती. म्हणजे लिव्हर न दाबताही क्लच थोडा दाबलेलाच. सूत्रातला दाब तिथे गेला होता. केबल सैल केली, संध्याकाळी टॉप गिअरची तीच परीक्षा घेतली, गाडी पास. त्याने घाटानंतर गाडी फारशी पळवली नव्हती म्हणून प्लेटा वाचल्या, नाहीतर जळून चकचकीत झालेल्या प्लेटांना केबल सैल करून काही उपयोग होत नाही.

हा प्ले मोजायला पट्टी पुरते. स्प्लेंडरला लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, मित्राच्या गाडीवरून ठरवू नका. ॲडजस्टमेंट काही गाड्यांना हँडलवर असते, काहींना खाली इंजिनाजवळ. लॉकनट सैल करायचा, ॲडजस्टर फिरवायचा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले तेवढाच राहतो का बघायचं आणि लॉकनट घट्ट करायचा. स्लिपला प्ले वाढवायचा, ड्रॅगला कमी करायचा.

आता एक गंमत, जी मला पुस्तकात नाही तर शेडमध्ये उमगली. केबल लांबली की प्ले वाढतो, पण प्लेटा झिजल्या की तो कमी होतो. त्यामुळे तुम्हाला वरचेवर केबल आवळावी लागत असेल तर दोष केबलमध्ये आहे, आणि वरचेवर सैल करावी लागत असेल तर प्लेटा झिजताहेत. प्ले अचानक वाढला तर लगेच लिव्हरच्या टोकाशी बघा, केबलच्या तारा एकेक करून तुटत असतील. अशा केबलवर घाटात जाऊ नये. नवी केबल बसवून घ्या.

लिव्हर नुसती जड झाली असेल तर केबल कोरडी पडलीय. वरचं टोक सोडवा, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून ते केबलवर रबरबँडने नरसाळ्यासारखं बांधा, पातळ ऑइलचे काही थेंब टाका आणि रात्रभर सोडा. सकाळी खालून थेंब आला की झालं. (आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या केबलला याची गरज नसते.)

ऑइलचं म्हणाल तर कुणाच्या तरी बाबांच्या कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतणं हा होस्टेलचा जुना रोग आहे. कारचा क्लच कोरडा आणि इंजिनाच्या बाहेर, त्यामुळे तिच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं चालतात. आपल्या क्लचला तर घर्षणच हवंय! यासाठीच १९९८ मध्ये जपानमध्ये जासोचं वर्गीकरण आलं. बाटलीवर 'जासो एमए' (किंवा एमए-टू) आहे ना ते बघा. 'एमबी' असेल तर ते कमी घर्षणाचं, वेट क्लच नसलेल्या स्कूटरसाठीचं.

एवढं करूनही स्लिप राहिली तर कव्हर उघडणं आलं. ऑइल काढायचं, नवा गॅस्केट हाताशी ठेवायचा आणि कव्हरचे बोल्ट पुठ्ठ्यावर आकृती काढून त्याच जागी खोचायचे, कारण त्यांची लांबी सारखी नसते. प्लेटांची जाडी व्हर्निअरने मोजा. नवी आणि टाकाऊ प्लेट यांच्यात फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचाच असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण चार प्लेटा प्रत्येकी ०.३ मिमी झिजल्या तर चळत १.२ मिमीने बसते, स्प्रिंगा तेवढ्या सैल होतात आणि दाब उतरतो. स्टील प्लेट काचेवर ठेवून फीलर गेज सरकवा, वाकलेली असेल तर लगेच कळेल. नव्या प्लेटा इंजिन ऑइलमध्ये भिजवूनच बसवा आणि स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. जुनं ऑइल होस्टेलमागच्या नाल्यात नको, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

क्लच बास्केटच्या बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्या असतील तर मात्र आपण थांबायचं. तो सुटा करायला खास पुलर आणि सॉकेट लागतं, छिन्नी-हातोडीने प्रयत्न करू नये. गाडी गॅरेजला द्या, स्लिप आहे की ड्रॅग ते सांगा, प्ले आणि ऑइल तपासलंय हेही सांगा. आणि काढलेल्या जुन्या प्लेटा मागून घ्या. वर्कशॉपच्या व्हर्निअरवर त्या मोजायला पाच मिनिटं लागतात.